आप्पांचा तांब्या

हेर्त्सोगेनआउराख, शनिवार, १८ ऑक्टोबर २००८

आज बागेतला हॉट टब हिवाळ्यासाठी बंद केला. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठीच घेतला होता तो. आप्पा इथे राहायला आले की त्यात बसूनही स्टीलच्या तांब्यानेच अंगावर पाणी घ्यायचे, आणि मी दर वेळी म्हणायचे, "आप्पा, टबला चरे पडतात हो." काय अडलं होतं माझं?

ऑगस्टमध्ये आप्पा गेल्याचा पुण्याहून फोन आला, तेव्हा सुहास ऑफिसात होता. वडील गेल्याचं ऐकलं आणि मीटिंगला जाऊन बसला. संध्याकाळी मी म्हटलं, "निदान डोक्यावरून पाणी तरी घे." माझ्यावरच खेकसला. तो पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता का?

आज तळाचं पाणी काही पंपाने ओढलं जाईना. राहिलं तर गोठणार, म्हणून सुहास टबात उतरला. हाताशी होता तो आप्पांचा तांब्याच. त्यानेच उपसत राहिला. तळावर खरखर वाजत होतं, चरे पडत असणार. मी ब्रसुद्धा काढला नाही.

शेवटचा तांब्या त्याने बाहेर ओतलाच नाही. स्वेटरसकट डोक्यावर घेतला. बर्फगार पाणी. "आप्पा," एवढंच म्हणाला. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. बघू दे.

मी लगेच टॉवेल आणला नाही. त्याला तसंच निथळू दिलं. मग तांब्या घ्यायला हात पुढे केला, तर तो सोडेना.