उजवा ओटा

नवी पेठ, सोलापूर
१८ डिसेंबर १९७३

प्रिय मल्लप्पा,

एक्केचाळीस वर्षांनी माझं पत्र आलंय म्हटल्यावर तू आधी खालची सही पाहिली असशील. पाहिली असलीस तर एवढी कृपा कर, फाडू नकोस. बातमी आनंदाची आहे. आपलं रत्नविलास थिएटर पुन्हा उभं राहिलं! संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, त्याच दिवशी दार उघडणार.

मधल्या काळात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. बोलपटांवर थिएटरनं भरभराटीचे दिवस पाहिले. मग पत्रे गळू लागले, खुर्च्यांत ढेकूण झाले आणि तीन वर्षांपूर्वी कुलूप लागलं. आपल्या हिंदुरावशेठचा नातू मानसिंग ती जागा कापडाच्या गोदामाला द्यायला निघाला. मी गप्प बसणार होतो होय? पानपट्टीसमोरच्या बाकावर चढलो आणि भर बाजारात विचारलं, की गिरणीच्या आवाजानं कान बधिर झालेल्या माणसाला आठवड्यातून तीन तास हसायचा हक्क आहे की नाही? ज्या गावात गाठोडी ठेवायला जागा आहे आणि माणसांनी एकत्र बसायला नाही, त्या गावाला शहर म्हणायचं का? टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात खालून आवाज आला, "मास्तर, भाषण बास करा की आता. पत्रं कोन चढवनार ते सांगा!" ही आपली मुक्ताबाई. थिएटरच्या दारात अजून शेंगा विकते. केस पांढरे झाले, जीभ आहे तशीच आहे. (गिरणी कामगारांना लिहायला-वाचायला शिकवत आलो, म्हणून मी आता सगळ्यांचा मास्तर.)

तिच्या त्या एका वाक्यानं माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम केलं. गिरणीतले फिटर सुट्टीच्या दिवशी पत्रे बदलायला आले. सुतारांनी खुर्च्या उकळत्या पाण्यानं धुऊन काढल्या. पूर्व भागातल्या विणकरांनी दर्शनी पडदा विणून दिला, थेट आपल्या सोलापुरी चादरीसारखा, मोरांचा. त्यातला एक मोर उलटा विणला गेलाय, पाय वर करून. मानसिंग बदलून मागत होता, पण विणकर म्हणाले, "राहू द्या की मालक, सिनेमा आवडला तर मोरबी कोलांटी मारतंय." मोर तसाच ठेवला. मानसिंगही आता रोज उलटा मोर पाहुण्यांना हौसेनं दाखवतो.

गेल्या महिन्यात पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्या काढल्या आणि मागे आपले दोन ओटे सापडले. मुक्या चित्रपटांच्या काळातले, पडद्यावरची गोष्ट तोंडानं सांगणाऱ्यांचे. डावीकडे मी मराठीत, उजवीकडे तू कानडीत, मध्येच विणकरांसाठी तेलुगूची फोडणी. पडद्यावर कुणी पाय घसरून पडला, की आधी माझी बाजू हसायची, मग तुझी. माझ्या बाजूचे लोक चिडून म्हणायचे, तिकडं जास्त हसतात, तिकडं काहीतरी जास्त सांगतोय तो. आणि तू सांगायचासच!

ते कुर्डुवाडीचं प्रकरण आठवतं? गाडी बदलताना पाचवं रीळ तिथंच राहिलं आणि चौथ्याच्या शेवटी राणीनं नदीत उडी घेतलेली. हिंदुरावशेठ घामाघूम झाले. म्हणाले, पोरांनो, शेवट तोंडानं सांगा. आपण ठरवायला हवं होतं, पण दोघंही एकोणीस वर्षांचे, दोघांनाही आपलाच शेवट खरा वाटत होता. मी राणीला बुडवली. तू एक कोळी आणलास, जाळं टाकलंस आणि तिला वर काढलीस. डावीकडे बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या, उजवीकडे शिट्ट्या. बाहेर मुक्ताबाईच्या टोपलीपाशी राणी मेली की जगली यावरून हातघाई झाली. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा तिकीट काढून आले, पण माझी बाजू रिकामी. सगळे उजवीकडे. तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी नीट बोललो नव्हतो.

मल्लप्पा, मग बोलपट आले. शेठनी दोघांना बोलावलं. आता टांग्यातून कर्णा घेऊन जाहिरात करणारा एकच माणूस लागेल, कोण राहतो? मी अर्धा तास बोललो. माझी आई, माझं शिक्षण, माझा आवाज. तुझ्या घरी तीन बहिणी होत्या हे मला ठाऊक होतं. ते सोडून सगळं बोललो. तू पायांकडे बघत होतास. पाचशे माणसांना हसवणारा तू, एकच वाक्य बोललास, "ह्येलाच ठेवा शेठ, ह्येला बोलाय लई येतंय." दुसऱ्या दिवशी तू अकलूजला गेलास. ती नोकरी मी सहा महिन्यांत सोडली. त्यानंतर गिरणीच्या दारात, चौकात, न्याय-अन्यायावर हजार भाषणं केली असतील, पण त्या अर्ध्या तासाबद्दल कुठल्याच व्यासपीठावरून बोलता आलं नाही.

परवा मानसिंगनं मला बोलावलं. परवान्यासाठी पडद्याजवळ बाहेर जायची एक वाट हवी, म्हणजे दोनातला एक ओटा पाडावा लागणार. कुठला ठेवू, मास्तर? गवंडी हातोडा घेऊन उभाच होता. सगळे माझं भाषण ऐकायला सरसावून बसले. मी म्हणालो, "उजवा ठेवा." आणि खाली बसलो. मुक्ताबाई माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "मास्तर, ताप हाय का तुमाला?" मग तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगता? त्येला एक कागूद लिवा की." तिची लेक अकलूजला तुझ्याच गल्लीत दिलेली, पत्ता तिनंच दिला.

म्हणून हा कागद. ऑपरेटर एकनाथला माळ्यावर जुनी रिळं सापडली आहेत. बाकीची चिकटून गेली, पण ते चौथं जपून चालवलं तर एकदा चालेल म्हणतो. उद्घाटनाला तेच लावायचं. राणी उडी घेईल आणि पडदा पांढरा होईल. त्यापुढचं कुणाकडेच नाही. ते तू सांगायचंस, तुझ्या ओट्यावरून, कानडीत. मी खाली खुर्च्यांशेजारी उभा राहीन आणि तू म्हणशील तेच मराठीत सांगेन, पदरचा एक शब्द न घालता. तू आला नाहीस तर माझा शेवट मी सांगणार नाही, हे नक्की. राणी नदीत आहे, मल्लप्पा. लवकर ये.

तुझाच, आणि आता तुझ्या मागून बोलणारा,
वेणीमाधव