टोपी बसमध्ये, मी बागेत

ता. १४, गुरुवार

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. गोळ्या वेळेवर घेते, पाणी उकळलेलंच पिते आणि तू दिलेली छत्री अजून हरवलेली नाही. तुझे सगळे प्रश्न संपले, तेव्हा आता माझं ऐक. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहून काढतेय. सहलीच्या बाई याचा फोटो काढून तुला पाठवतील.

या बेटावर हिरव्या रंगाने नुसता धुमाकूळ घातलाय. काल इथलं वनस्पती उद्यान पाहिलं. तळ्यातल्या कमळांची पानं एवढी की तान्हं मूल निजवावं, आणि कडा परातीसारख्या वर वळलेल्या. एका झाडाची फुलं तर थेट खोडातूनच फुटलेली. आमच्यातले निवृत्त मास्तर प्रत्येक झाडापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेत होते. झाड कुठलं, ते त्यांना विचारू नये.

आणि आपला मनी प्लँट, तू स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटलीत लावलेला. इथे तो एका थोरल्या झाडावर शेंड्यापर्यंत चढलाय आणि पानं सुपाएवढी. पाटी वाचली तरी मला पटेना. मी त्या झाडाभोवती फिरत राहिले.

तिथेच घोटाळा झाला. रागावू नकोस, आणि तुझ्या नवऱ्याला लगेच सांगू नकोस. सहलीच्या बाई माणसं मोजत नाहीत, आम्हाला दिलेल्या पिवळ्या टोप्या मोजतात. माझी टोपी डोक्याला टोचते, म्हणून मी ती बसमध्येच सीटवर अडकवून उतरले होते. टोप्यांचा हिशेब जुळला आणि बस गेली.

घाबरले, खोटं कशाला सांगू. फोनची बॅटरी संपलेली. बाकावर बसून थोडी रडलेही. मग रोपांना पाणी घालणाऱ्या माळीणबाईंना हॉटेलच्या किल्लीवरचं नाव दाखवलं. त्यांची भाषा मला कळेना, माझी त्यांना. पण हातवारे करून त्यांनी बसचा थांबा दाखवला. मी एकदा चुकीच्या ठिकाणी उतरले, पुन्हा चढले आणि विचारत विचारत पोचले. सहलीच्या बाई हॉटेलच्या दारात रडकुंडीला आल्या होत्या. मीच त्यांना चहा पाजला.

एवढं पाल्हाळ कशासाठी, ते आता सांगते. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि तुम्ही दोघं आत बोलत होतात. दुसऱ्या शहरातली ती प्रयोगशाळा सांभाळायला तुला बोलावलंय. त्यालाही तिकडे बदली मिळतेय. आणि तू म्हणालीस, "आईंना एकट्यांना ठेवून कसं जायचं? सोमवारी नाही म्हणून कळवते." ऐकून मला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही. इथे झाडं बघत होते खरी, पण डोक्यात तेच होतं.

मला बरोबर न्यायचं काढाल, तर मी येणार नाही. माझ्या मैत्रिणी, खालचे डॉक्टर, सकाळचं फिरणं, सगळं तिथेच आहे. तुमच्याशिवाय मला करमणार नाही, सुरुवातीला तर मुळीच नाही. पण जमेल. काल जमलंच की.

तेव्हा सोमवारी हो म्हणून कळव. मनी प्लँटची बाटली मात्र घेऊन जा, आणि तिकडे त्याला जमिनीत लाव.

बस चुकली तरी जेवायच्या वेळेला हजर असलेली,
तुझी सासू