खळ्यातली गोधडी

दीपा,

तुझ्या बाबांना घेऊन मी नंदुरबारला डॉक्टरकडे जातेय. वरण झाकून ठेवलंय, भाकरी टोपलीत आहेत.

काल तू सायकॉलॉजी घेते म्हणालीस तेव्हा केवढे ओरडले, "वकिली ले, तो येडास्ना विषय नको!" आज सकाळी चहा पिता पिता मलाच विचारतात, "तिन्हा त्या विषयमा माणूसले झोप का येत नही, ते शिकाडतस का?"

मिरची राखायला ते खळ्यात झोपतात, असं आपण समजत होतो. अगं, मिरची विकून किती दिवस झाले!

कॉलेजात तुझाच विषय सांग. आणि खळ्यातली त्यांची गोधडी आणून उन्हात टाक. मी आत्ताच बघून आले, तिच्या घडीवर धूळ साचली आहे गं.

आई