धानावर चप्पल नको

माय, तू गेली तेव्हा माझी लेक रांगतही नव्हती. आता ती बर्फावर हॉकी खेळते. हसू नको. मिलवाल्या शेठजीच्या घरी लग्नात सरबतात टाकतात तो बर्फ नाही. तिकडं लडाखात थंडीनं अख्खी बोडी गोठते, आपण धुणं धुवायचो त्या तळ्याएवढी, आणि पोरी बुटाले लोखंडी पातं लावून तिच्यावर धावतात. हातात काठी, समोर एक काळी चकती. मले तो खेळ अजून समजला नाही. पण त्यात तुझंही काही आहे, म्हणून सांगून राहिली.

राईस मिलच्या सिमेंटच्या पटांगणात तू उकडलेलं धान पायानं फिरवत होती, तो दिवस आठवते का? मी तुझा डबा घेऊन आली ती चप्पल घालून सरळ धानावरून. तू हातातलं दंताळं फेकलं. "पायातलं काढ आधी! पोटात जाते ते, दिसत नाही का तुले?" साऱ्या बायांसमोर. मग मले वाकवलं, धानाले हात लावून कपाळाले लावायला लावला. ऊन असं की तळपाय भाजून निघाले. संध्याकाळी चुलीपुढे तू माझे पाय मांडीवर घेऊन जवसाचं तेल चोळत आहे आणि तोंड चालूच आहे: "चुकली तर मारीन, भाजलं तर तेल लावीन. दोन्ही मीच करीन."

तू गेल्यावर मिलमधली तुझी जागा मी घेतली. लेक तिथंच वाढली, तिलेही मी तेच शिकवलं. धान नसलं की साकोलीच्या शाळेतले सर त्या पटांगणात पोरांना चाकाचे बूट घालून पळायला शिकवायचे, तेवढं गुळगुळीत सिमेंट आसपास दुसरीकडे नव्हतं. लेकीनं एकदा ते बूट घातले ते घातलेच. तिथून नागपूर, नागपूरहून बर्फ. आणि पहिल्याच दिवशी लडाखात तिनं काय करावं? गोठलेल्या पाण्याच्या काठावर बसली आणि बूट काढायला लागली! कोच ओरडला, "मंदिर में आई है क्या?" साऱ्या पोरी हसल्या, ही मोज्यावर उभी. मले फोनवर म्हणे, "मा, हातच गेला बुटाकडे, काय करू!" तेव्हापासून बूट काढत नाही, पण वाकून बर्फाले हात लावते, मग कपाळाले. कपाळ कुठलं, हेल्मेटच ते.

मागच्या हिवाळ्यात तिचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नणंद म्हणाली, "आता बस झालं वं वहिनी, पोरगी लंगडी झाल्यावर कोण विचारते?" मले असलं बोलणं सहन होत नाही आणि असलं झोपणंही नाही. डॉक्टरनं चालायची मोकळीक दिली तशी लेकीले म्हटलं, "ऊठ. पाय ओढतच चालायचं आहे ना? मग धानातून ओढ." आली बिचारी. चप्पल काढली, वाकली, धानात उतरली. बायांना तर तेच पाहिजे होतं.

"घ्या बाई, देशाची खेळाडू धान फिरवून राहिली!"

"सरळ चाल वं, वाकडी काहून जातं? इथं तुले आडवं कोणी येत नाही!"

लेक हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मग रोज येत गेली, आणि पाय ओढायचं सोडून हळूहळू उचलायला लागली.

या हिवाळ्यात ती परत गेली. संघात नाव आलं, पण खेळायला उतरवतील की नाही, ते सामन्याच्या दिवशीच कळणार होतं. सामना मोबाईलवर दाखवणार होते, तो डाळीच्या डब्याले टेकवून मी स्वयंपाकघरात बसली. जाड कपडे, हेल्मेट. साऱ्या सारख्या, मिलमध्ये पोती उभी असावी तशा. यातली माझी कोणती? आहे तरी का? तेवढ्यात एक जण काठावर थांबली. वाकली. हात बर्फाले, हात कपाळाले. गुडघा वाकला, माय. पूर्ण वाकला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "मा, पाहिलं का?" मी म्हटलं, "पाहिलं, सारं पाहिलं."

हे पत्र कुठं टाकणार? तुझ्याकडं डाकवाला जात नाही. घडी करून तांदळाच्या कोठीखाली ठेवीन. तुले मात्र खरं सांगते. ती वाकलेली दिसली आणि मी मोबाईल पालथा घातला. पुढचं पाहायची हिंमतच झाली नाही. जिंकल्या, ते मले शेजारीण सांगून गेली.