मल्हारीच्या घोट्याची जबाबदारी

४ जानेवारी, सकाळ
कालच्या मॅचमध्ये आपल्या संभाजीनगरच्या टीमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, मल्हारी उडी मारून उतरताना पडला. घोटा. पेपरात दोनच ओळी. शहरात पहिल्यांदा प्रोफेशनल बास्केटबॉल टीम आली, आणि दुखापतींकडे कुणाचं लक्ष नाही! फॅन ग्रुपवर जाहीर केलं, यापुढे इंज्युरी रिपोर्ट मी देणार. कुणी विरोध केला नाही. खेळाचे नियम मला अजून पूर्ण कळलेले नाहीत. पण घोटा सगळ्या खेळांत सारखाच असतो.

६ जानेवारी
दुपारी आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. लिगामेंटचा अभ्यास मोबाईलवर पूर्ण केला. ग्रुपवर टाकलं: ‘ग्रेड टू. तीन आठवडे.’ एकच अंगठा आला. बायकोचा.

९ जानेवारी
क्रांती चौकामागच्या प्रॅक्टिस हॉलवर गेलो. वॉचमनने आत सोडलं नाही. जाळीतून पाहिलं. मल्हारी कोचच्या मागे मागे चालत होता, अजिबात न लंगडता. म्हणजे वेदना लपवतोय. मोठे खेळाडू लपवतातच.
गेटबाहेर लिंबाखाली त्याची आई बसलेली. सखूबाई. वैजापूरकडून आल्यात, मेंढरं दिराकडे, बन्सीकडे सोपवून. त्यांना लिगामेंट समजावून सांगितलं, आणि मल्हारीशिवाय टीमचं काही खरं नाही, हेही. शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाल्या, “लई अभ्यास हाय तुमचा, काकासाहेब.”
घरी हे सांगितलं. बायको म्हणाली, भाजी आणायची राहिली.

१४ जानेवारी
सखूबाईंनी तिळगूळ दिला. मी बजावलं, पोराला पायावर भार देऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, काल त्यानं माझं गाठोडं उचलून रस्ता पळत पार केला. त्याला अ‍ॅड्रेनलिन म्हणतात, हे समजावलं. पुन्हा शांतपणे ऐकलं. अशी श्रोती दुकानात नाही, घरात तर नाहीच.

१८ जानेवारी
आपल्या टीममधल्या गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या, बोटाला पट्टी दिसली. ‘महिनाभर बाहेर,’ असा रिपोर्ट दिला. संध्याकाळी तो खेळला आणि सगळ्यांत जास्त पॉइंट त्यानेच काढले. ग्रुपवर हसणारे चेहरे. मी वेळेवर सावध केलं म्हणूनच त्याने बोट सांभाळलं, हे यांना कोण सांगणार?

२२ जानेवारी
मल्हारी रविवारी परत येतोय. माझा अंदाज पक्का. ‘वेलकम बॅक मल्हारी’ असा बॅनर रंगवला. दुकानातलं पांढरं कापड वापरलं. पुंजारामदादा ओरडले, ताग्यातलं निम्मं गेलं! थोरले भाऊ आहेत, ऐकून घेतलं. खेळातलं त्यांना काय कळतं? आमच्या अर्ध्या गुलमंडी बाजाराला मॅचला यायला लावलंय.

२५ जानेवारी, रविवार
बॅनर झकास दिसला. मल्हारी कोर्टवर नव्हता. बेंचवरही नव्हता. गल्लीतले सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून हाफटाइमला बाहेर आलो.
गेटपाशी मल्हारी रिक्षात ट्रंक चढवत होता, एकटाच, दोन्ही पायांवर नीट उभा राहून. मी म्हटलं, अरे, घोटा! तो म्हणाला, “काका, घोटा दोन दिवसांत बरा झाला. मला टीममधून काढलंय. मॅनेजर म्हणले, पेपरात जखमीच राहू दे, बरं दिसतं. रोज कोचच्या हातापाया पडत होतो. आज नाय म्हणले.”
हळूच विचारलं, आईला माहीत आहे? म्हणाला, तिला पहिल्याच दिवशी सांगितलं.
सखूबाई रिक्षात बसलेल्या. मी विचारलं, मग इतके दिवस माझं सगळं ऐकून का घेतलंत?
म्हणाल्या, “आत समदे म्हणत व्हते, ह्याच्यात दम नाय. तुमी एकले म्हणत व्हता, ह्याच्याबिगर टीमचं कायबी खरं नाय. ऐकाया बरं वाटायचं, भाऊ.”
रिक्षा गेली. मी पुन्हा आत गेलो नाही. बॅनर तिथंच राहिला.

२६ जानेवारी
मल्हारीचं काय झालं असं ग्रुपवर कुणी विचारलं, तर काय लिहायचं हे सकाळपासून ठरवत होतो. खरं लिहिलं तर पोराची लाज जाते. घोटा अजून बरा नाही असं खोटं लिहिलं तर माझा तीन आठवड्यांचा अभ्यास जातो. दुपारी जेवताना ठरवलं, अभ्यास गेला तरी चालेल.
संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नुसते झेंडे आले. मल्हारीबद्दल कुणी विचारलं नाही.