बारा बाटल्या, एकच साखर

नाना, तुम्ही ज्या सरकारी गॅरेजातून रोज जीप बाहेर काढायचात, त्याच गॅरेजाच्या ऑफिसात मी आता आस्थापनेची कारकून आहे. तुमच्या जागी अनुकंपेवर लागले तेव्हा तिथल्या कुणीतरी विचारलं होतं, "गाडी येते का चालवता?" गाडी मला अजून येत नाही. गाडी चालवणाऱ्यांचे कागद मात्र मी चालवते. रजा, बढत्या आणि ती वैद्यकीय तपासणी. तपासणीचंच सांगायचंय. जे झालं ते ऐकून तुम्ही आधी मांडीवर थाप मारून हसला असतात आणि मग गप्प बसला असतात.

नवे साहेब आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावलं. कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी काहीतरी कायमचं करायचं म्हणाले, एक दिवस बॅनर, फोटो आणि केळी वाटून मोकळं व्हायचं नाही. मला तर आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. दर तीन महिन्यांनी तपासणी, आठवड्यातून एकदा डॉक्टर, कँटीनच्या कढईतलं तेल वेळेवर बदलणं, असं सगळं मी कागदावर मांडलं. सुरुवात ड्रायव्हरांपासून. बारा जणांना आदल्या दिवशी छोट्या बाटल्या दिल्या, सकाळची पहिली लघवी आणा म्हटलं. सगळे शहाण्या मुलांसारखे वेळेवर घेऊन आले. दुपारी तपासणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुमच्या बाराच्या बारा लोकांना साखर निघालीय. तीही अगदी सारखी. एकाच कपातून चहा पिता का हो सगळे?"

उलगडा व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आमचा गेटवरचा वॉचमन रोज जोर-बैठका मारतो, सगळे त्याला पहिलवानच म्हणतात. त्याच्यासारखा निरोगी माणूस पंचक्रोशीत नाही, असं समजून बाराही जणांनी पहाटे त्याच्या खोलीवर रांग लावली होती. त्यालाही मोठा मान वाटला. "घ्या की, निव्वळ दुधाची हाय," असं म्हणून त्याने बाटल्या भरून दिल्या. आणि साखर निघाली नेमकी त्यालाच! बिचारा माझ्या टेबलासमोर मटकन खाली बसला. हसावं की रडावं, मला कळेना.

तुमच्याबरोबरचे ड्रायव्हरकाका आता सगळ्यांत जुने झालेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांची. त्यांना मी चांगलंच झापलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तुला काय हाय, तुझी खुर्ची कोणी काढीत नाय. आमच्यात साखर निघाली का स्टिअरिंग गेलं. मग बसा गेटवर, साहेबाची गाडी आली का दोर खाली सोडा. तुझ्या बापाला हे लय चांगलं ठाऊक होतं." मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. सुरगाण्याचा दौरा करून तुम्ही परत आलाहात, आई बशीत दोन चमचे साखरेचा चहा ओतते आहे आणि तुम्ही तो मुकाट पिताय, कारण नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागेल. गोळ्या तुम्ही जीपच्या पान्यांच्या डब्यात ठेवायचात, हे मला एकटीला ठाऊक होतं. टाचेला बूट चावला, ती जखम चार महिने भरली नाही, तरी तुम्ही वर मोजा चढवून कामावर जात होतात. मी एकदा "नाना, डॉक्टरला दाखवा" म्हटलं, तर तुम्ही केवढ्यांदा ओरडलात, "तू तुझा अभ्यास कर!" पुढे पाय काळा पडला आणि आठ दिवसांत तुम्ही गेलात. तुमच्या सेवापुस्तकात मात्र शेवटपर्यंत 'योग्य' असाच शेरा आहे. ते पान मी स्वतःच्या हातांनी फाईलला लावलंय.

तेव्हाच मला कळलं की डॉक्टर, गोळ्या, चालणं हे सगळं नंतरचं. आधी ही भीती काढायला हवी. मी टिपणी लिहिली: साखर निघाली म्हणून कुणाचीही गाडी काढून घेऊ नये, उपचार करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, आणि डोळेच अधू झाले तर त्याच पगारावर भांडारात काम द्यावं. फाईल परत आली. वर हिरव्या शाईत 'चर्चा करावी'. सरकारात ह्या दोन शब्दांखाली किती कागद गाडले गेलेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी दुरुस्त करून पुन्हा पाठवली. पुन्हा 'चर्चा करावी'. सहाव्या वेळी हेडक्लार्क म्हणाले, "बाई, किती डोकं आपटाल? भिंत सरकारी आहे." मी म्हटलं, "डोकंपण सरकारीच आहे, आपटू द्या." सातव्या वेळी मी फाईल शिपायाकडे दिलीच नाही, स्वतः घेऊन गेले आणि म्हटलं, "साहेब, तुम्हीच लिहिलंय चर्चा करावी. चला, करू. पण ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर."

साहेब खरंच गॅरेजात आले. गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत सगळे गोळा झाले. "कशाला घाबरता ते मोकळेपणाने सांगा," साहेब म्हणाले. बाराही जण जमिनीवरच्या ऑईलच्या डागांकडे बघत राहिले. आता साहेब परत जाणार, आणि साहेब गेले की सगळं संपलं, हे मला दिसत होतं. मग मीच बोलले. आईची पेन्शन, माझी नोकरी, सगळं डोळ्यांपुढे आलं, तरी बोलले. "साहेब, माझ्या वडिलांना साखर होती. त्यांनी तपासणीला माझी बाटली दिली. मी तेव्हा दहावीत होते. ते पास झाले आणि दीड वर्षात मेले." काकांनी टोपी काढून तोंडावर धरली. साहेब हात पुढे करून म्हणाले, "टिपणी द्या इकडे." जीपच्या बॉनेटवर ठेवूनच सही केली.

पुढच्या तपासणीला काका पहिल्या नंबरला उभे होते. त्यांना साखर निघाली, बारांतल्या पाच जणांना निघाली. सगळे गाडी चालवताहेत. पहिलवान गोळ्या घेतो आणि कँटीनमध्ये जिलेबी मागवणाऱ्याची गचांडी धरतो. इतर कार्यालयांतून आमच्या टिपणीची नक्कल मागायला लोक येतात, तेव्हा मी हिंडून हिंडून सगळं दाखवते. मला अभिमान वाटतो, नाना, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवशी मी पुरतं खरं बोलले नाही. बाटली तुम्ही मागितली, असंच सगळ्यांना वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं. तुम्ही मागितली नव्हती. तपासणीच्या सकाळी तुम्ही स्वतःचीच बाटली खिशात घालून पायात बूट चढवत होतात. "जे व्हायचं ते होऊ दे," असं आईला ऐकू न जाईल इतक्या हळू म्हणालात. मीच आत पळत गेले, मीच दुसरी बाटली माझ्या लघवीने भरून आणून तुमच्या हातात कोंबली. वर्गात माझे वडील साहेबांची जीप चालवतात, असं मी सांगायचे, आणि मला गेटवरच्या वॉचमनची मुलगी व्हायचं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि बाटली बदललीत. एवढ्या माणसांसमोर मी दोष तुमच्यावर टाकला, कारण मेलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. आईला हे सांगायचं ठरवून मी दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले. दोन्ही वेळा भाजी निवडून उठले.