विहिरीतले केमिकल

४ मार्च १९७७
नाग नदी आज पुन्हा गुलाबी. ओमप्रकाशने लुगड्यांचा रंग सोडला. त्याचा रंगाईचा कारखाना नदीला लागून, आणि तिथून माझी विहीर हाकेच्या अंतरावर. पाझर येणारच. सांगायला गेलो तर म्हणतो, "काकाजी, नदी क्या मेरे बाप की है?" वर हसतो. ठरवले. याचा कारखाना बंद करायचा. चौथी शिकलो असलो तरी रेडिओ रोज ऐकतो.

५ मार्च
रेडिओवर दूषित पाण्यावर भाषण. दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवल्या. रंगाऱ्यांच्या सोड्याने हळद लाल होते. आणि घाण पाण्यात चुना टाकला की केमिकल तळाशी बसते. बाकी कळले नाही, पण एवढे पुरे. विहिरीच्या पाण्यात हळद कालवली. पिवळीच. केमिकल लबाड दिसते.

६ मार्च
वाट कशाला पाहायची? आधी इलाज. विहिरीत घमेलेभर चुना टाकला. कौसल्या ओरडली, "काय करून राहिले जी तुम्ही? प्याचं पाणी हाय ते!" इतकी वर्षे माझ्याबरोबर संसार केला, पण विज्ञान शिकली नाही.

७ मार्च, सकाळ
हळद लालभडक! सापडला! मोहल्लाभर वाटी दाखवत फिरलो. कौसल्या म्हणते, "चुन्यानं हळद लालच होते. बाया कुंकू कायचं करते मंग?" कुंकवाचा इथे काय संबंध? ओमप्रकाशलाही वाटी दाखवली. या वेळी हसला नाही.

९ मार्च
आणखी दोन घमेली. हळद आणखी लाल. म्हणजे तो चिडून जास्तच सोडतो आहे. आंघोळीनंतर अंगाची आग. ओठ सोलले. शेजारची यमुताई म्हणाली, "तुमच्या इहिरीचं पाणी आता ढोरं बी पेत नाही." पुरावा वाढतो आहे. सरकारी प्रयोगशाळेत अर्ज दिला.

१६ मार्च
प्रयोगशाळेतले वामनराव आले. नदीचे पाणी वेगळ्या बाटलीत, विहिरीचे वेगळ्या. मी वाटी पुढे केली. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. कौतुक असावे.

२४ मार्च
निकाल. नदीत रंग आणि सोडा सापडला. ओमप्रकाशला फक्त ताकीद: टाकी बांधा, पाणी साफ करून सोडा. कारखाना चालूच. आणि विहिरीत म्हणे नदीचे काहीही नाही, नुसता चुना. वामनराव म्हणाले, "आजोबा, विहीर चांगली होती. तुम्ही बिघडवली." माणूस फितूर असणार. यमुताई पदर तोंडाला लावून हसत होती. उपसा होईपर्यंत विहीर बंद.

२५ मार्च
मोहल्ल्यात नळ फक्त कारखान्यात. कौसल्याला बजावले, मेलो तरी त्याचे पाणी पिणार नाही. तर ओमप्रकाश स्वतःच बादली घेऊन दारात. "लो काकाजी, पहले जांच लो." कौसल्याने बादली ठेवून घेतली. आत निघून गेलो.
दुपारी ऊन फार. कौसल्याचा डोळा लागल्यावर त्याच बादलीतले दोन लोटे प्यालो.
गोड आहे. हे तिला कळता कामा नये.